वेगळेपण की वेड? ‘कोसला’ वाचलेल्या पिढीच्या निमित्ताने

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. त्या काळी जळगाव, धुळे, अमळनेर येथील महाविद्यालयांत शिकणारी आणि वसतिगृहाच्या खोलीत रात्र जागवून ती वाचणारी मुले आज ऐंशीच्या आगेमागे आहेत. कादंबरीच्या नादाने तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांच्या बोलण्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द उठताबसता येऊ लागले होते. कोणी टाय फेकून दिला, कोणी दाढी वाढवली, कोणी ठरलेली नोकरी नाकारली. वडीलधाऱ्यांनी तेव्हा कपाळाला हात लावला असेल. आज तीच मुले घरातील वडीलधारी झाली आहेत, आणि त्यांना दवाखान्यात घेऊन येणारा मुलगा किंवा सून दार लोटून घेऊन हलक्या आवाजात मला विचारते, “डॉक्टर साहेब, नानांचं डोकं फिरलंय का हो?”

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कधी ‘नाना पूर्वीपासून असेच आहेत, त्यांना असेच राहू द्या’ हे उत्तर असते. कधी ‘आजच्या आज रक्त तपासा’ हे उत्तर असते. पहिल्या प्रसंगी औषध दिले तर अन्याय होतो, आणि दुसऱ्या प्रसंगी औषध टाळले तर जीव जाऊ शकतो. हा फरक घरच्या माणसांनी कसा ओळखावा, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी वैद्यकशास्त्राइतकीच मराठी साहित्याची मदत घ्यावी लागेल, कारण ‘वेडा कोणाला म्हणावे’ हा प्रश्न आपल्या साहित्याने पुष्कळ आधीपासून विचारलेला आहे.

एका शब्दात दोन अर्थ

वेडाच्या बाबतीत मराठीत शब्दांचे दारिद्र्य नाही. खुळा, पिसा, भ्रमिष्ट, चक्रम, विक्षिप्त, तऱ्हेवाईक, छांदिष्ट, नादिष्ट, मनस्वी, अवलिया. आणि आमच्या खानदेशात नुसते ‘येडा’. यांतील काही शब्द आजाराकडे झुकतात, काही कौतुकाकडे. कोणाला कोणता शब्द लागेल हे पुष्कळदा माणसाच्या ऐपतीवर ठरते. बंगल्यात राहणारा असेल तर मनस्वी, भाड्याच्या खोलीत राहणारा असेल तर चक्रम. गाण्याचे वेड, पुस्तकांचे वेड, पंढरीचे वेड असे आपण अभिमानाने म्हणतो. आणि तोच शब्द शेजारच्या घरातील आजारी मुलीसाठी वापरतो, तेव्हा तिचे लग्न मोडते.

वृद्धांच्या वाट्याला यातला सर्वांत दुष्ट शब्द येतो: ‘म्हातारचळ’. सत्तरीच्या विधुराने पुन्हा लग्न करण्याचा विचार बोलून दाखवला, की म्हातारचळ. आजीने हार्मोनियमची शिकवणी लावली, की म्हातारचळ. आजोबा बाजारातून घरी येण्याची वाट विसरले, तरीही म्हातारचळच. पहिल्या दोन गोष्टी आजार नाहीत. तिसरी आजाराची पहिली खूण असू शकते. एकच शब्द तिन्ही ठिकाणी वापरल्यामुळे दुहेरी नुकसान होते. निरोगी माणसाची इच्छा हसण्यावारी नेली जाते आणि आजारी माणसाचे लक्षण ‘वयाचा परिणाम’ म्हणून अंगणात बसून राहते.

रिद्धपूरचे राऊळ

हा गोंधळ आजचा नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात गुंडम राऊळ नावाचे सत्पुरुष राहत होते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे ते गुरू. पंथात ते गोविंदप्रभू म्हणून पूजले जातात, आणि या पंथाचे अनुयायी खानदेशातही आहेत. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले त्यांचे चरित्र मराठीतील अगदी जुन्या गद्य ग्रंथांपैकी एक आहे.

हे चरित्र उघडले की रूढ संतचरित्राची अपेक्षा कोलमडते. राऊळ एकटेच हसतात, स्वतःशी बोलतात, देवाच्या मूर्तीवर रागावतात, कोणाच्याही घरात शिरून हवे ते खातात. समाजाने अस्पृश्य ठरवलेल्यांच्या घरी जातात आणि तेथून निघून तसेच ब्राह्मणांच्या घरात शिरतात. गावातील माणसे त्यांना वेडे म्हणतात. पण अडल्या-नडल्याला तीच माणसे त्यांना आई आणि बाप म्हणून हाक मारतात. वेडा म्हणणे आणि माय म्हणणे या दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच माणसाबद्दल, बरोबरीने चालल्या होत्या.

भक्तांसाठी ते परमेश्वराचे अवतार आहेत आणि त्या श्रद्धेविषयी बोलणे हे डॉक्टरचे काम नव्हे. मला त्या ग्रंथात दिसते ती भोवतालच्या माणसांची वागणूक. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य रिद्धपुरास आले आणि अनेक वर्षे राऊळांच्या सेवेत राहिले. त्यांनी त्यांना बांधून घातले नाही, त्यांची दिनचर्या आपल्या सोयीने बदलली नाही. त्यांच्या लहरींप्रमाणे मागे मागे राहून त्यांना जपले आणि जे पाहिले ते लक्षात ठेवले, म्हणून हा ग्रंथ होऊ शकला. वृद्धाला सांभाळणाऱ्याने काय करावे याचा सातशे वर्षांपूर्वीचा हा मराठी धडा आहे: मागे चाला, जपा, आणि नीट पाहून लक्षात ठेवा.

सांगवीचा पांडुरंग

रिद्धपूरच्या गावकऱ्यांना राऊळ बाहेरून दिसले. ज्याला लोक वाया गेलेला म्हणतात त्याच्या आत काय चालते, हे मराठी वाचकाला सविस्तर दाखवले ते ‘कोसला’ने. नेमाडे यांचे जन्मगाव यावल तालुक्यातील सांगवी. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर हाही खानदेशातील खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला. त्याला वसतिगृह, खाणावळ, परीक्षा, समारंभ यांतील पोकळपणा दिसत जातो. वडिलांशी त्याचे जमत नाही. धाकटी बहीण मनी मरण पावते, तेव्हा त्याच्या आत जे तुटते ते पुन्हा जुळत नाही. शिक्षण अर्धवट टाकून तो गावी परततो. ‘कोसला’ म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश, आणि नायक त्यातच राहतो.

त्याच सुमारास ‘असो’, ‘वाचा’ अशी अनियतकालिके निघत होती. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि पुढे नामदेव ढसाळ यांच्या लेखनाने सभ्य मराठी वाङ्मयाच्या बैठकीत न बसणारी माणसे पानांवर आणली: फुटपाथवरची, व्यसनातली, वेश्यावस्तीतली, भ्रमिष्ट म्हणून हाकललेली. या लेखकांवरही विक्षिप्तपणाचे शिक्के बसले. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र सरळ होता. ज्या समाजात असमानता, ढोंग आणि हिंसा सर्रास चालते, त्या समाजाशी जुळवून घेणारा तेवढा शहाणा, हे कोणी ठरवले?

डॉक्टर म्हणून मी पांडुरंगाला कोणत्याही रोगाचे नाव देणार नाही. कादंबरीतल्या माणसाची नाडी पाहता येत नाही. पण बहिणीच्या मृत्यूने गोठून गेलेल्या तरुणाला घर आणि गाव केवळ ‘बिघडलेला’ म्हणून पाहतात, हे वाचताना मला माझ्या दवाखान्यातील कितीतरी घरे आठवतात. जोडीदार गेल्यावर बोलेनासे झालेले आजोबा ‘हट्टी’ ठरतात. मुलगा गेल्यावर देवपूजा बंद केलेल्या आजी ‘चक्रम’ ठरतात. त्यांनी काय सोडले याची चर्चा होते. त्यांनी काय गमावले हे कोणी विचारत नाही. ‘कोसला’ वाचलेल्या माणसाला निदान हा प्रश्न सुचायला हवा.

कवीची आई

याच काळात, १९६२-६३ मध्ये, अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग भारतात आला होता आणि मुंबईत त्याची शहाणे, कोलटकर यांच्या वर्तुळातील कवींशी ओळख झाली. त्याची ‘हाउल’ ही १९५६ साली पुस्तकरूपाने आलेली दीर्घ कविता जगभरच्या बंडखोर तरुणांची पोथी झाली होती. ती त्याने कार्ल सॉलोमन या मित्राला अर्पण केली आहे. दोघांची भेट १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मनोरुग्णालयात झाली, तेव्हा दोघेही तेथे रुग्ण होते. ही कविता वाचून अनेकांचा समज झाला की वेड म्हणजे स्वातंत्र्य, आणि उपचार म्हणजे समाजाची दडपशाही.

त्या समजाला आधार नव्हता असे नाही. गिन्सबर्ग समलिंगी होता, आणि अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले ते १९७३ साली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. म्हणजे केवळ वेगळे असणे हा तोवर अधिकृत आजार होता. मेंदूचा भाग छेदण्याच्या शस्त्रक्रियेला तर १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते.

पण गिन्सबर्गच्या घराची दुसरी बाजूही आहे. त्याची आई नेओमी वर्षानुवर्षे तीव्र मानसिक आजाराने पछाडलेली होती. आपल्यावर पाळत ठेवली जाते, आपल्याला विष घातले जाते असे तिला वाटे. बारा वर्षांचा ॲलन तिला बसमधून एका विश्रामगृहात पोहोचवून आला होता. पुढे तिच्या मेंदूवरील त्या शस्त्रक्रियेला संमतीची सही तरुण ॲलननेच केली. १९५६ मध्ये ती रुग्णालयातच वारली आणि ती सही त्याला जन्मभर छळत राहिली. तिच्यावर लिहिलेली ‘कॅडिश’ ही त्याची कविता १९६१ मध्ये पुस्तकात आली. त्या कवितेत वेडाचे गौरवगान नाही. त्यात भीती आहे, थकवा आहे, घाण साफ करणे आहे, लाज आहे आणि प्रेम आहे. ज्यांनी घरात असा रुग्ण सांभाळला आहे, त्यांना ती बंडखोर कवीची न वाटता आपल्यासारख्याच एका मुलाची वाटेल.

म्हणून या साहित्यातून दोन गोष्टी एकत्र घ्याव्या लागतात. वेगळेपणाला आजार म्हणू नये. आणि आजारालाही बंड म्हणू नये, कारण नेओमीला होणारी यातना खरी होती.

कायदा काय सांगतो

साहित्याने जे म्हटले ते आता आपल्या कायद्यातही आले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये कलम ३ आहे. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, कामकाजाच्या किंवा राजकीय मूल्यांशी अथवा धार्मिक श्रद्धांशी एखादी व्यक्ती जुळवून घेत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजार आहे असे ठरवता येणार नाही, असे ते सांगते. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आजही आजार आहे असे धरता येत नाही. आणि आजाराचे निदान झाले तरी तेवढ्याने ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने ‘अस्थिर बुद्धीची’ ठरत नाही. ते सक्षम न्यायालयाने ठरवायचे असते.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘बाबांचा मानसिक तोल गेला आहे’ असा दाखला मागायला माणसे येतात. थोडे बोलल्यावर कळते की बाबांनी शेताचा तुकडा मुलीच्या नावे करण्याचा विचार बोलून दाखवला आहे, किंवा तेराव्याचा खर्च करू नका असे लिहून ठेवले आहे. मुलीला जमीन देणे हा आजार नव्हे. सातबाऱ्यावरील वाद औषधाच्या चिठ्ठीने मिटत नाही.

तीन प्रश्न

मग घरच्यांनी ओळखावे कसे? मी कुटुंबाला तीन प्रश्न विचारतो. पुढील उदाहरणांतील तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.

पहिला प्रश्न: हे कधीपासून? पारोळ्याकडचे एक निवृत्त शिक्षक मळ्यातल्या झोपडीत एकटे राहायला गेले. स्वतः भाकरी थापतात, लग्नकार्याला जात नाहीत. मुलगा घाबरून घेऊन आला. विचारता कळले, की ते तिशीपासून लग्नाच्या पंगतीत बसलेले नाहीत आणि निवृत्त झाल्यावर मळ्यात राहणार हे पन्नाशीतच सांगून ठेवले होते. त्यांना त्या आठवड्याचा कापसाचा भाव ठाऊक होता, नातीच्या परीक्षेची तारीख ठाऊक होती, रक्तदाबाची गोळी ते वेळेवर घेत होते. त्यांना औषधाची गरज नव्हती. रात्री बाहेर पडताना पायात बूट, हातात बॅटरी, खिशात मोबाइल आणि दिवसाआड घरून कोणीतरी चक्कर मारणे, एवढेच ठरले.

याच्या उलट दुसरे गृहस्थ. आयुष्यभर काटकसरी, शब्दाला जपणारे. बासष्टाव्या वर्षी अचानक सुनेसमोर अश्लील विनोद करू लागले, गोड पदार्थ ओरबाडून खाऊ लागले, एकाच महिन्यात तीन मोबाइल घेतले. ‘निवृत्तीनंतर मोकळे झाले’ असे म्हणत मित्रांनी कौतुक केले. तो मोकळेपणा नव्हता. मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश होता. या प्रकारात स्मरणशक्ती सुरुवातीला बरी असते; बिघडतो तो स्वभाव. चाळिशीच्या उत्तरार्धापासून साठीपर्यंतच्या वयातही तो आढळतो. दोघेही रूढीबाहेर वागत होते. पहिले गृहस्थ पूर्वी होते तसेच होते, दुसरे पूर्वीचे राहिले नव्हते.

दुसरा प्रश्न: त्रास कोणाला होतो? फक्त शेजारी आणि भाऊबंद यांना होत असेल, तर घाई नको. पण येथे एक सावधगिरी हवी. काही आजारांत रुग्णाला आपण आजारी आहोत याची जाणीवच नसते, म्हणून ‘मला काही झालेले नाही’ या उत्तरावर थांबू नये. झोप, भूक, वजन, चेहऱ्यावरची भीती यांवरून त्रास दिसतो. आपल्याच धरणगावच्या बालकवींनी कारण न कळणाऱ्या उदासीनतेवर कविता लिहिली. दवाखान्यातले आजोबा कविता करीत नाहीत. ते म्हणतात, ‘काही नाही, बस, मन लागत नाही’, किंवा नुसतेच ‘पोट साफ होत नाही, अंग दुखतं’. पहाटे तीन-चारला जाग, आवडीची वर्तमानपत्रे न उलगडलेली, ताटात उरलेले अन्न हे सारे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर तो वैराग्याचा स्वभाव न समजता नैराश्याची तपासणी करावी. उतारवयातील नैराश्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

तिसरा प्रश्न: रोजचे काय अडते? आंघोळ, जेवण, पैशांचा हिशेब, औषधे, रस्ता ओळखणे, गॅस बंद करणे. वेगळा माणूस ही कामे आपल्या पद्धतीने करतो. आजारी माणसाची ती हळूहळू सुटत जातात.

येथे वाट पाहू नये

काही बदल तासा-दिवसांत होतात. त्यांना आपल्याकडे ‘वातात बरळणे’ म्हणत, डॉक्टर ‘डेलिरियम’ म्हणतात. एक आजी तीन दिवस अंगणात वारलेली बहीण दिसते म्हणून तिच्याशी बोलत होत्या. घरच्यांना बाहेरची बाधा वाटली, अंगाऱ्याची तयारी झाली. मे महिना होता, पारा ४५ अंशांजवळ, पाणी पिणे कमी, त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. तपासणीत रक्तातील सोडियम खूप घसरलेले आणि लघवीत जंतुसंसर्ग आढळला. आठवड्याभरात आजी पूर्ववत झाल्या आणि बहिणीची चौकशी थांबली.

पुढील गोष्टी दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे:

• एक-दोन दिवसांत सुरू झालेला गोंधळ, जो संध्याकाळी वाढतो आणि सकाळी ओसरतो.
• ताप, लघवीला जळजळ किंवा लघवी अडणे, खोकला, दोन-तीन दिवसांचा बद्धकोष्ठ यांच्यासोबत बरळणे किंवा गुंगी.
• नवीन गोळी सुरू केल्यानंतरचा बदल. यात झोपेची, सर्दीची, अंगदुखीची गोळीही धरावी.
• पडल्यानंतर, अगदी काही आठवड्यांनीसुद्धा, सुस्ती, डोकेदुखी किंवा चालण्यात बदल.
• मधुमेही व्यक्तीला अचानक घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणे. साखर लगेच तपासावी.
• बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे.
• ‘जगून काय करायचे’ असे वारंवार बोलणे, किंवा निरवानिरवीची तयारी.

आणखी एक. बंडखोर साहित्याने नशेलाही कधीकधी तेजोवलय दिले. दवाखान्यात मात्र दिसते ते असे: रोज दारू घेणाऱ्या वृद्धाचे हाड मोडते, ते रुग्णालयात दाखल होतात, दारू एकदम बंद होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरून भास सुरू होतात. हे जीवघेणे ठरू शकते. म्हणून दाखल करताना दारूची खरी सवय डॉक्टरांना सांगावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

काही भास तर वेडाचेही नसतात. मोतीबिंदूने किंवा दृष्टिपटलाच्या विकाराने नजर फार कमी झालेल्या, पण बुद्धी शाबूत असलेल्या वृद्धांना माणसे, फुले, नक्षी दिसू शकते. ते खरे नाही हे त्यांना ठाऊक असते. पण ‘वेडी ठरवतील’ या भीतीने त्या सांगत नाहीत. अशा वेळी आधी नेत्रतज्ज्ञ गाठावा. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना ‘सगळे माझ्याविषयी कुजबुजतात’ असे वाटते, तेव्हा आधी कान तपासावेत. थायरॉईडची कमतरता आणि बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव याही गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात.

मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे म्हणजे शिक्का बसणे नव्हे. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हे उपचार मिळतात. शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ वर.

सांभाळणाऱ्यांना दोन शब्द

खोट्या समजुतीशी वाद घालून ती जात नाही. ‘असं काही नाही, गप्प बसा’ म्हणण्याऐवजी ‘तुम्हाला भीती वाटते ना, मी इथे आहे’ असे म्हणावे. माणसासमोर त्याच्याविषयी तृतीयपुरुषी बोलू नये. दवाखान्यात हे सर्रास होते आणि रुग्णाला ते ऐकू येते. रुग्णाला तपासणीसाठी फसवून आणू नये. एकदा विश्वास गेला की पुढची प्रत्येक गोळी संशयाची होते. आणि आपण स्वतः थकतो, चिडतो, कधी ‘सुटेल तर बरे’ असाही विचार मनात येतो, याबद्दल स्वतःला पापी समजू नये. कवी असलेल्या मुलालाही आईच्या आजारात हेच वाटले होते. भावंडांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. एकाच सुनेच्या खांद्यावर हा भार ठेवणे हा अन्याय आहे.

स्वभावाची एक पानी नोंद

आता ज्येष्ठ वाचकांसाठी एक काम. आपण निरोगी आहोत तोवर, एका कागदावर, आपला स्वभाव स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवा. मी किती वाजता उठतो. मला एकटे राहायला आवडते की माणसांत. कोणत्या रूढी मी आयुष्यभर पाळल्या नाहीत आणि का. देवावर माझा विश्वास आहे की नाही. पैशांबाबत मी सढळ आहे की चिकट. मला राग कशाचा येतो. स्वतःशी मोठ्याने बोलायची किंवा रात्री दोनला चहा करून प्यायची सवय असेल, तर तीही. खाली तारीख घाला आणि दरवर्षी वाढदिवसाला वाचून आवश्यक तो बदल करा.

डॉक्टरला या कागदाचा फार उपयोग होतो. पाच वर्षांनी कोणी ‘यांचं डोकं फिरलं’ म्हणून आपल्याला घेऊन आले, तर त्या कागदावरून दोन मिनिटांत कळते, की हे जुने वेगळेपण आहे की नवा आजार. त्याच्याच जोडीला, २०१७ च्या कायद्याप्रमाणे, मानसिक आजार झाला तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत याचा आगाऊ निर्देश देता येतो, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. प्रतिनिधी म्हणून कोणाचे नाव घालायचे हे घरात सर्वांसमोर बोलून ठरवावे.

सांभाळणाऱ्यांनी हा कागद मागायला संकोच करू नये. एखाद्या रविवारी आजोबांच्या शेजारी बसून, ‘नाना, तुम्ही तरुणपणी काय काय सोडलं होतं ते सांगा, मी लिहून घेतो’ एवढे म्हटले तरी पुरे. कदाचित ‘कोसला’ची जुनी, पाने सुटलेली प्रतही कपाटातून बाहेर येईल. लिहून झालेला कागद रक्ताच्या अहवालांच्या फायलीत सर्वांत वर लावावा, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात येताना ती फाईल बरोबर आणावी.